रंग निळा नव्हता

सर,

तुमच्या शोकसभेत समोसे होते. गरमागरम, दोन चटण्यांसकट. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले होते. आपल्या जुन्या कंपनीतल्या मंडळींनी मीरा रोडला एक हॉल घेतला, तुमच्या ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केला, त्याला हार घातला आणि मग श्रद्धांजली आधी की चहा आधी यावर दारातच दहा मिनिटं घोळ घातला. शेवटी चहा आधी झाला. मी मागच्या रांगेत कागदी प्लेट धरून बसले होते आणि मला शिसारी येत होती.

पहिले बोलले ते आपले तेव्हाचे मोठे साहेब. हो, तेच. अजून तसेच दिसतात, फक्त केस रंगवायला लागलेत. "म्हात्रे इस लॅब की नाक थे," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. "ऐसे केमिस्ट अब बनते नहीं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, सर! ज्या माणसाने तुमच्यावर नमुन्यात भेसळ केल्याचा संशय घेतला, तो माणूस तुमच्या फोटोसमोर डोळे पुसत होता आणि कुणालाही त्यात काही खटकलं नाही. पहिल्या रांगेत तुमचा धाकटा भाऊ बाळू बसला होता. त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे अख्ख्या हॉलमध्ये सुखी माणूस तेवढा एकच होता.

मग मला बोलावलं. 'सरांच्या हाताखाली तयार झालेली, आज एका कंपनीत गटप्रमुख असलेली सुजाता.' मी उठले, माईक धरला आणि म्हणाले, "सरांनी आयुष्यात वहीत एक खोटा शब्द लिहिला नाही." एवढं म्हणून मीही डोळे पुसले. खरंच ओले होते, नाटक नव्हतं. मलाही टाळ्या मिळाल्या. मी जागेवर येऊन बसले आणि प्लेटमधला समोसा खाल्ला. सर, मी तो समोसा सगळा खाल्ला.

जे तिथे बोलायला हवं होतं ते इथे लिहितेय. उशीर झालाय. किती उशीर झालाय हे वहिनींनी, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना वहिनी म्हणायचो त्या तुमच्या बायकोने, काल मला स्पष्ट शब्दांत सांगितलं. पण ते पुढे येईल.

आपली लॅब भाईंदर पूर्वेला होती, गाळ्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. खाली स्टीलची भांडी घासून चकचकीत करायचा कारखाना होता. दिवसभर त्या मशीनची घरघर जमिनीतून वर यायची आणि आपल्या काचेच्या नळ्या थरथरायच्या. मी पहिल्या दिवशी आले तेव्हा मला वाटलं होतं की नवीन औषध शोधणारी प्रयोगशाळा म्हणजे काहीतरी भव्य असेल. आणि तुम्ही बनियनवर पांढरा कोट चढवून एका बाटलीच्या तोंडावरची हवा हाताने नाकाकडे ओढत उभे होतात. "अमाइन हाय," तुम्ही म्हणालात. "मासळी नासली की हाच वास येतो. आमच्या घरात हे रसायन पिढ्यान्पिढ्या हाय गो, फक्त नाव ठावं नव्हतं." एमएस्सीच्या दोन वर्षांत मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते मी त्या एका वाक्यात शिकले. शिकले म्हणजे पाठ केलं नाही, नाकाने शिकले.

सगळं तुम्ही असंच शिकवलंत. औषध शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे माझ्या आईला सांगता येईना म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, एखाद्या झाडाच्या सालीत, एखाद्या बुरशीत काहीतरी सापडतं. ते रोगाला मारतं पण माणसालाही मारतं. मग आपण त्या रेणूचा एक कोपरा कापायचा, दुसरा जोडायचा. एक कार्बन इकडचा तिकडे केला की विषाचं औषध होतं, आणि आणखी एक हलवला की औषधाचं पाणी होतं. कुठला हलवायचा ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून शेकडो बनवायचे, शेकडो फेकायचे, आणि फेकलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवायची. "आईला सांग," तुम्ही म्हणालात, "आमी दिवसभर भांडी घासतो. खालचे पण घासतात, आमी पण." माझी आई खूप हसली होती.

आपलं ते कॉम्प्युटरवरचं भांडण अर्धवटच राहिलं. मी म्हणायचे, सर, आता रेणू मशीन काढून देतं, हजारो काढून देतं, हाताने करत बसायचे दिवस संपले. तुम्ही म्हणायचात, "कागदावर काढलेलं पापलेट कालवणात पडतं काय? काढणारे हजार भेटतील. ते बाटलीत आणून दाखवणारा कोन हाय?" आता माझ्या कंपनीत मशीनने सुचवलेले रेणू रोज येतात, छान छान रंगीत, आणि त्यातले निम्मे बनवता येत नाहीत म्हणून तसेच पडून राहतात. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही जिंकलात हे फोन करून सांगायचं राहून गेलं, कारण तुम्हाला फोन करायचा म्हटलं की माझा हात थांबायचा. का थांबायचा तेच सांगतेय.

बाळूला टीबी झाला होता. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. महिनोन्महिने इंजेक्शनं घेतली, टीबी बरा झाला आणि कान गेले. तेव्हा तो नवघरला नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. लोक बोलायचे ते ऐकू येईना, तेव्हा त्याने काउंटरवर पाटी-पेन्सिल ठेवली. पाटी बघून लोक दुसऱ्या दुकानात गेले. तुम्ही ही गोष्ट लॅबमध्ये फक्त एकदा सांगितलीत, तीही मी खोदून विचारल्यावर. म्हणालात, "जीव वाचवला म्हणून त्या औषधाला नावं ठेवायची नाय. पण त्याच्यापेक्षा बरं बनवता येतंय ना? मग बनवायचं." तुमच्या टेबलावर देवाचा फोटो नव्हता. बाळूची ती पाटी होती, फुटलेली.

आता बोंबलांची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात तुम्ही घरून सुके बोंबील आणले होते, दोन पुड्या. एक उघडलीत, खुसखुशीत. दुसरी उघडलीत आणि सगळे नाक धरून पळाले. "आईने ह्यातला एकच बोंबील ओलसर भरला होता," तुम्ही म्हणालात. "एक. अख्खी पुडी गेली." आणि मग मला त्या कोपऱ्यातल्या मोठ्या काचेच्या फ्लास्कसमोर नेलंत. त्यात सॉल्व्हंट, आत सोडियमचे तुकडे, वर एक चिमूट पांढरी पावडर, खाली मंद आच. सॉल्व्हंटमध्ये पाण्याचा अंश आहे तोवर ते पिवळट, हिरवट दिसतं. शेवटचा थेंब गेला की गडद निळं होतं, दौतीतल्या शाईसारखं. "निळं झाल्याशिवाय हात लावायचा नाय. कितीही वेळ लागू दे. घाई असली तर घरी जा, उद्या ये. पण ओला बोंबील पुडीत भरू नको."

वहीचे नियमही तुमचेच. पेन्सिलने लिहायचं नाही. खोडरबर लॅबमध्ये आणायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं चुकीचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. "चूक झाकली तर दुसरा तीच करतो," असं म्हणायचात. आणि पानाच्या तळाशी साक्षीदाराची सही. 'वाचले, समजले' असं छापलेलं असायचं तिथे. माझ्या पानांचे साक्षीदार तुम्ही.

सोडियमच्या आगीचं आठवतं ना? मी ओला चिमटा घातला आणि भडका उडाला. तुम्ही वाळूची बादली ओतलीत, तुमचं मनगट भाजलं आणि साहेब धावत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून झालं." मी तुमच्यामागे रडत उभी होते. त्यांनी तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं. तुम्ही मला नंतर एक अक्षर बोलला नाहीत, फक्त ती आग कशी लागली ते मला वहीत लिहायला लावलंत, माझ्या हस्ताक्षरात, माझ्या नावाने. म्हणजे तुम्हाला खरं सांगायला मला भीती वाटायचं कारण नव्हतं, हे मी जाणते. आग सगळ्यांना दिसते म्हणून मी ती लिहिली. पाण्याचा थेंब कुणाला दिसत नाही.

आता तो दिवस. मे महिना होता. पेणकरपाड्याला माझ्या मैत्रिणीची हळद होती. माझे आई-वडील रत्नागिरीहून आले तेव्हापासून आम्ही पेणकरपाड्यातच भाड्याने राहत होतो, आणि तिथली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी नवी साडी पिशवीत घालून आणली होती. चारला निघायचं ठरवलं होतं. तुम्ही मालाच्या कामाला ठाण्याला गेला होतात. हवा इतकी दमट होती की फ्लास्क दोन वाजले तरी हिरवटच. अडीच वाजले, हिरवट. तीनला कडेने जरा निळसर वाटलं. मला ते निळसर वाटायला हवं होतं म्हणून वाटलं. मी सॉल्व्हंट काढून घेतलं, रिअ‍ॅक्शन लावली आणि वहीत लिहिलं: 'रंग निळा.'

दुसऱ्या दिवशी, हळदीचे हात धुऊनही पिवळेच होते, त्या हातांनी मी पट्टी तपासली. आपल्या पट्टीवर एक ठिपका म्हणजे एकच पदार्थ. माझ्या पट्टीवर एक ठसठशीत ठिपका होता आणि त्याच्याखाली एक अगदी पुसट. दिवा जरा तिरका धरला की दिसेल, सरळ धरला की नाही दिसणार, एवढा पुसट. मी दिवा सरळ धरला. लिहिलं: 'एकच ठिपका.' संध्याकाळी तुम्ही आलात, वही पुढे केली, तुम्ही खिशातून पेन काढलंत आणि पानाच्या तळाशी सही केलीत. न वाचता. मी म्हटलं, "सर, बघा तरी." तुम्ही म्हणालात, "तू लिवलंय ना? मग झालं."

त्या रिअ‍ॅक्शनमधून निघालेली चिमूटभर पावडर बाटलीत भरून बाहेर तपासायला गेली आणि तीन आठवड्यांनी निकाल आला. टीबीचे जंतू मेले होते. जुन्या औषधांना न जुमानणारेसुद्धा. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात, मग टेबलावरची फुटकी पाटी घेतलीत, त्यावर काहीतरी लिहिलंत आणि संध्याकाळी घरी घेऊन गेलात. काय लिहिलं होतं ते मला कळलं नव्हतं. काल कळलं.

पुढचे आठ महिने मी बघत होते. तुम्ही तोच रेणू पुन्हा बनवला. स्वच्छ, शुद्ध, एकच ठिपका. तपासायला गेला, निकाल शून्य. पुन्हा बनवला, शून्य. पहिला नमुना सगळा तपासणीतच संपला होता. तुम्ही काच बदललीत, आम्ल बदललंत, रात्रीची गार हवा, दिवसाची गरम हवा, खालच्या मशीनचं थरथरणंसुद्धा. हसू नका, मी स्वतः तुमच्याबरोबर रविवारी, खालचा कारखाना बंद असताना येऊन ती रिअ‍ॅक्शन लावली आहे. तुमच्या डोळ्यांखाली काळं आलं. आणि मी दर वेळी ते सॉल्व्हंट नीट, गडद निळं होईपर्यंत थांबून काढून देत होते. सर, मी आठ महिने तुम्हाला मन लावून कोरडं सॉल्व्हंट दिलं. एक थेंब पाणी घाला, एवढंच म्हणायचं होतं. कदाचित त्या पाण्याने बाजूला दुसरंच काहीतरी थोडंसं बनलं होतं आणि जंतू मारत होतं ते तेच होतं. कदाचित नसेलही. पण बघितल्याशिवाय कळणार नव्हतं आणि मी बघू दिलं नाही.

पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर झापलं असतंत. दुसऱ्या महिन्यात सांगितलं असतं तर ओरडला असतात. नंतर नंतर सांगायची गोष्टच इतकी मोठी झाली की ती तोंडातून बाहेर पडेना. आणि मग साहेबांनी ती बैठक घेतली. अहवालात लिहिलं, 'पहिल्या नमुन्याच्या शुद्धतेबाबत शंका.' तोंडाने मात्र सरळ विचारलं, "म्हात्रे, भाई के लिए कुछ ज़्यादा जोश में तो नहीं आ गए? कोई पुरानी दवा मिला दी होगी, गलती से." गलती से! तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मदत मागायला नाही. वही माझी होती आणि वहीत सगळं खरं होतं, म्हणून पाहिलंत. मी खाली बघितलं.

प्रकल्प बंद झाला. तुम्हाला राजीनामा द्यायला लावला. मला दोन वर्षांत बढती मिळाली, मग दुसरी कंपनी, मग गटप्रमुख. आणि तुम्ही मीरा रोडला मिठाईच्या दुकानाच्या वर, बारावीच्या मुलांना शिकवायला लागलात. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं. एकदा तुम्ही म्हणाला होतात, "ह्यांना औषध कसं बनतं ते नको हाय गो. चारातला कुठला पर्याय, एवढंच पायजे." ज्या माणसाचं नाक बाटली न उघडता आतलं ओळखायचं, त्याला पालक विचारायचे, सर, ऑरगॅनिकची काही ट्रिक नाही का? हे ऐकून मला त्या पालकांची किळस यायची. फार सोपं असतं हे, दुसऱ्यांची किळस येणं.

आपली शेवटची भेट तुमच्या क्लासखालच्या चहाच्या टपरीवर. ह्याच वर्षी. तुम्ही बारीक झाला होतात. इकडचं तिकडचं झालं आणि मग तुम्ही बशीत चहा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता विचारलंत, "सुजाता, त्या दिवशी काही येगळं झालं होतं काय गो? बारीकसं? मी रागावनार नाय. नुसतं कळलं तर बरं." इतकी वर्षं झाली होती. माझी नोकरी तुमच्या हातात नव्हती. तुम्हाला कंपनीत परत घ्यायचं नव्हतं, मला काढायचं नव्हतं. तुम्हाला नुसतं कळायला हवं होतं.

मी म्हणाले, "नाही सर. सगळं नेहमीसारखंच होतं."

तुम्ही मान हलवलीत आणि चहाचे पैसे तुम्हीच दिलेत.

आता तुमच्यावरचा माझा रागही सांगून टाकते, कारण नुसतं स्वतःच्या थोबाडीत मारून घेण्यातही एक प्रकारची चैन असते आणि तीही मला नकोय. साक्षीदाराची सही म्हणजे काय असते, सर? 'वाचले, समजले.' नियम तुमचाच. मग तुम्ही वाचलं का नाहीत? त्या दिवशी नुसतं विचारलं असतंत, हवा इतकी दमट आणि तीनला निळं कसं झालं, तर मी तिथल्या तिथे बोलले असते. मी बावीस-तेवीस वर्षांची होते. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, तो पेलण्याएवढी मी मोठी नव्हते, आणि हे तुम्हाला कळायला हवं होतं. आपलं हे भांडण आता कधी मिटणार नाही. मला ते मिटवायचंही नाही.

काल तुमचं बारावं झालं. पाहुणे गेल्यावर वहिनींनी मला थांबवलं आणि एक प्लास्टिकची पिशवी पुढे ठेवली. "तुझ्या लॅबचे कागद दिसतात. मला काय कळत न्हाय. बघ, तुला उपेगी असतील तर ने."

कंपनीचा कागद घरी न्यायचा नाही हा नियम तुम्ही आयुष्यात एकदाच मोडलात. माझ्या त्या पानाची झेरॉक्स. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, आणि समासात सगळीकडे तुमची पेन्सिल. पेन्सिल वापरायची नाही म्हणणारे तुम्ही! 'काच?' 'आम्ल जुनं?' 'ढवळणं कमी?' 'माझी चूक? वजन?' प्रत्येक शब्दापुढे प्रश्नचिन्ह. स्वतःच्या वजनकाट्यावर, स्वतःच्या हातावर, स्वतःच्या नाकावरसुद्धा प्रश्नचिन्ह. एकाच ठिकाणी नव्हतं. 'रंग निळा' या शब्दांपुढे तुम्ही बरोबरची खूण केली होती आणि खाली लिहिलं होतं, 'सुजाताने बघितलंय. इथं शोधू नये.'

मी तिथेच जमिनीवर बसले. वहिनी घाबरल्या, पाणी आणायला उठल्या. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. हळद, साडी, फ्लास्क, ठिपका, टपरीवरचा चहा. त्यांना रसायन कळलं नसेल, पण बाकीचं सगळं कळलं.

"म्हंजे त्यानी काय मिसळलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नाही वहिनी."

"ते मला ठावं हाय. मी ते इचारत न्हाय. तू ह्ये त्याला का न्हाय सांगितलंस? तो गच्चीवर बसून बोटं मोडायचा गो. माझी काय चूक, माझी काय चूक. मी त्याला म्हनायची, सोड आता. मलाच वाटायला लागलं व्हतं, असंल ह्याचीच काय तरी चूक." मग त्यांनी माझा हात सोडवून घेतला. "माझ्यासमोर रडू नको. मला तुला उगी करायची ताकद न्हाय. जा, बाळूला सांग."

बाळूला सांगायचं म्हणजे लिहूनच सांगायला हवं. तो आतल्या खोलीत होता. भिंतीवर खिळ्याला ती फुटकी पाटी टांगलेली, इतक्या वर्षांनंतर. निकाल आला त्या संध्याकाळी तुम्ही तिच्यावर लिहून नेलं होतं ते अजून वाचता येत होतं, पुसू नये म्हणून त्याने वरून प्लास्टिक लावलंय: 'जमलं रे.'

मी पर्समधून पेन काढलं. वेगळ्या कागदावर लिहिलं नाही. त्याच झेरॉक्सवर, 'रंग निळा' यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: 'रंग निळा नव्हता. हिरवट होता. मला घाई होती.' 'एकच ठिपका' यावर रेघ मारली. लिहिलं: 'दोन.' सही केली, कालची तारीख घातली आणि कागद बाळूच्या हातात दिला.

त्याने खिडकीजवळ जाऊन वाचला. तुमच्यासारखं केलं नाही. बोट ठेवून, एकेक ओळ, वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. जिथे कळलं नाही तिथे मला खुणेने विचारलं आणि मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहून सांगितलं. पाणी, ओलं, दुसरा पदार्थ. त्याचा चेहरा मला वाचता येत नव्हता. मला वाटलं तो कागद तोंडावर फेकेल, आणि त्याने फेकला असता तर बरं वाटलं असतं. त्याने तो घडी करून परत दिला आणि, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "मंग आता कर ना! पानी घालून कर!"

रात्री मी त्या पानाचा फोटो शोकसभेच्या ग्रुपवर टाकला. जिथे बारा दिवस नुसते हात जोडलेले होते तिथे एकदम सामसूम झाली. सकाळी साहेबांचा फोन आला. "सुजाता, अब क्यों? आदमी तो गया. तुम्हारा ही नाम खराब होगा." मी म्हटलं, साहेब, तुमच्या अहवालातल्या त्या ओळीवर एक रेघ मारा आणि सही करा, खालचं वाचता येईल अशी. त्यांनी फोन ठेवला. मग मी माझ्या आत्ताच्या वरिष्ठांना सगळं लिहून पाठवलं. काय व्हायचं ते होईल. मला गटप्रमुख ठेवतील की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी सोमवारचा दिवस आणि एक टेबल मला दिलंय.

सोमवारी दोन फ्लास्क लावणार आहे. एक निळं होईपर्यंत थांबून, एक तसंच हिरवट. दुसरा ठिपका येईल न येईल. आला तरी तो औषध असेलच असं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. जे दिसेल ते लिहीन, दिवा तिरका धरून. आणि पान पूर्ण झालं की तळाच्या सहीसाठी ते नवघरला बाळूकडे घेऊन जाणार आहे. कंपनीला ती सही चालणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी घेईन. ही माझ्यासाठी. बाळूला रसायनशास्त्र कळत नाही, सर. पण तो वाचल्याशिवाय सही करत नाही.